आईच्या माहेरी

लहानपणी आमच्या घरात 'मामा' म्हणजे आई होती आणि 'बाबा' म्हणजे आजी. रशियनमध्ये आईला मामा म्हणतात आणि आजीला बाबा किंवा बाबुश्का. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कॉलनीत, म्हणजे विमान कारखान्याच्या वसाहतीत, खेळता खेळता मी "मामा, भूक लागली" अशी हाक मारली की पोरं गॅलरीकडे बघायची. मामा कुठेच नसायचा, गाऊन घातलेली, सोनेरी केसांची माझी आई तिथे उभी असायची. पहिलीत गेल्यावर मी तिला 'आई' म्हणायला लागले. आजी मात्र शेवटपर्यंत बाबाच राहिली. वडिलांना आम्ही पप्पा म्हणायचो, तो शब्द दोन्ही भाषांत चालायचा.

पप्पा मॉस्कोला इंजिनिअरिंग शिकायला गेले तेव्हा सोव्हिएत संघ होता. आई तिथेच शिकत होती, वोलोग्दा प्रांतातल्या एका खेड्यातून आलेली. १९८४ला लग्न झालं आणि पुढच्या वर्षी ती ओझरला आली. एचएएलमध्ये मिग विमानं बनायची, त्यामुळे कॉलनीला रशियन माणसांची सवय होती. पण ती मुदत संपली की परत जाणारी तज्ज्ञ मंडळी. आई नांदायला आली होती.

दिवाळीत कॉलनी निम्मी रिकामी व्हायची. काकू माहेरी जायच्या, भाऊबीज आटोपून परतायच्या तेव्हा पिशव्यांमधून कुरडया, सांडगे, विहिरीवरच्या लिंबाचं लोणचं निघायचं. आईच्या वाट्याला त्यातलं थोडं थोडं यायचं. ती ते खायची आणि म्हणायची, "छान आहे. हे कोणाच्या आईने केलं?" तिची आई पाच हजार किलोमीटरहून लांब होती. १९९१ला सोव्हिएत संघ संपला, १९९२च्या जानेवारीत तिथे सरकारने किमतींवरचं नियंत्रण काढलं आणि काही महिन्यांत आजीची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. तिकडून येणं आजीला शक्य नव्हतं आणि इकडून तिकीट काढणं आम्हाला. १९८९ ते २००३, चौदा वर्षं आई माहेरी गेली नाही. पत्रं यायची, महिना-महिना उशिरा, आणि आई ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचायची.

पप्पा २०१५ला गेले. वर्षभराने आजी पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि आई तिची सेवा करायला गावी गेली ती तिथेच राहिली. म्हणजे एकोणतीस-तीस वर्षांची असताना मी एका अर्थाने माहेराविना झाले, किंवा असं म्हणू की माझं माहेर उचलून आईच्या माहेरी गेलं. हे मला खूप उशिरा उमगलं. २०२३च्या मार्चमध्ये आजी वारली, ८७ वर्षांची होऊन. तिकडे तिसऱ्या दिवशी माती देतात. तेवढ्यात व्हिसाच मिळाला नसता. मी नाशिकला व्हिडिओवर ते पाहिलं. बर्फात उभी असलेली दहा-बारा माणसं आणि आईची पाठ.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून रशियाने भारतीयांना ई-व्हिसा सुरू केला. घरबसल्या अर्ज, चार दिवसांत कागद, पण मुक्काम तेव्हा जास्तीत जास्त सोळा दिवसांचा. मी सोळाच्या सोळा दिवस मोजून घेतले: २७ डिसेंबर ते ११ जानेवारी. त्यात नवं वर्ष येतं आणि त्यांचा नाताळही, जो ७ जानेवारीला असतो. त्यांचं चर्च अजून जुनं पंचांग चालवतं आणि ते तेरा दिवसांनी मागे आहे. त्या घरी मी तोवर पाच वेळा गेले होते, पण पाचही वेळा उन्हाळ्यात. हिवाळ्यातलं घर मी पाहिलंच नव्हतं. आणि आजी नसलेलंही.

आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं २०२२च्या मार्चपासून तिथे चालत नाहीत, त्यामुळे डॉलर रोख घेतले आणि दोन ठिकाणी विभागून ठेवले. आईने यादी पाठवली होती: हिंग, गोडा मसाला, जाडे पोहे, वाळवलेला कढीपत्ता, तीळ. शेवटी एक ओळ, "तुझ्या सासूबाईंच्या हातचा लिंबाचा गोड आचार मिळाला तर." लोणच्याला ती अजून आचारच म्हणते, तेही 'लिंबाचा'. रशियनमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत, त्यामुळे तो-ती-ते तिला कधी अवघड गेलं नाही, पण आचार पुल्लिंगी हे तिने ठरवून टाकलंय. आणि 'ळ' तिला येत नाही. काळजीला कालजी म्हणते.

दिल्लीहून मॉस्कोचं शेरेमेत्येवो विमानतळ, तिथून शहरातलं यारोस्लाव्हल स्टेशन, आणि रात्री अर्खांगेल्स्ककडे जाणारी गाडी. प्लात्स्कार्त नावाचा उघडा डबा असतो, चोपन्न बर्थचा, आपल्या स्लीपरसारखाच. बाहेर बर्फ आणि आत इतकं उकडतं की माणसं बनियनवर बसतात. डब्याची मालकीण म्हणावी अशी एक बाई असते, प्रोवोद्नीत्सा. तिने पासपोर्ट उलटसुलट पाहिला, माझं नाव अक्षरं जुळवत वाचलं आणि विचारलं, "कोणाकडे चाललीस?" मी म्हणाले, "आईकडे." तिने वर पाहिलं नाही, पण थोड्या वेळाने धातूच्या कोंदणात बसवलेल्या काचेच्या ग्लासातून चहा आणून ठेवला आणि पैसे सकाळी दे म्हणाली.

वोलोग्दा मॉस्कोपासून साधारण पाचशे किलोमीटर. स्टेशनजवळूनच किरिलोव्हची बस सुटते. अडीच तासांनी डाव्या-उजव्या बाजूची झाडी संपली आणि गोठलेल्या तळ्याच्या काठावर मठाच्या पांढऱ्या भिंती दिसल्या. १३९७ सालचा हा मठ, किरिल नावाच्या साधूने स्थापलेला. गावाचं नाव त्याच्यावरूनच. उन्हाळ्यात याच तळ्यात मी पोहले होते. आता त्यावर माणसं स्टुलावर बसून भोकातून मासे धरत होती.

आई थांब्यावर उभी होती. गुडघ्यापर्यंतचे नमद्याचे बूट, वालेंकी, डोक्याला लोकरीची शाल. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर जाड कोटात धड वाकता येईना. तिने मला तसंच दंडाला धरून उभं केलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "टोपी कानावर ओढ."

घर लाकडी ओंडक्यांचं. दारातून आत गेलं की आधी सेनी लागते, म्हणजे न तापवलेली पडवी. हिवाळ्यात ती घराची फ्रिज, कोठी आणि अडगळ. मग जाड नमदा ठोकलेलं दुसरं दार, आणि आत खोलीचा चौथा हिस्सा अडवून बसलेली पेच. पेच म्हणजे चूल, पण चूल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते नाही. ही विटांची, पांढऱ्या चुन्याने सारवलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. पोटात अन्न शिजतं, अंगाने घर तापतं आणि पाठीवर माणसं झोपतात. आजी थंडीत तिच्यावरच झोपायची, मांडी मोडेपर्यंत.

उन्हाळ्यात ती थंडगार बसलेली असायची, म्हणून माझं तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. या खेपेला सोळा दिवस तीच घराची कर्ती होती. आई पहाटे सहाला उठायची. उजाडायला अजून तीन तास बाकी असायचे; तिथे डिसेंबरात नऊ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. पहिलं काम, धुराड्यातला सरकता पत्रा उघडायचा. मग एक पेटता कागद तोंडाशी धरायचा. ज्योत आत ओढली गेली तर धुराडं ओढतंय, बाहेर वाकली तर थांबायचं. मग बर्चची लाकडं दोन-दोन आडवी-उभी रचायची आणि खाली बर्चचीच साल. ही साल कागदासारखी पातळ आणि तेलकट असते. रॉकेल लागत नाही, काडी लावली की तडतडत काळा धूर सोडत पेट घेते. नाशिकला पप्पांच्या आईकडे तांब्याचा बंब होता, त्यात ढलप्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. त्या सवयीवर मी आईला म्हणाले, हे मी करते, तू झोप.

दोन-अडीच तासांत लाकडं जळून निखारे होतात. लांब दांड्याच्या आकड्याने ते पसरायचे, न जळलेला ओंडका राहिला असेल तर पुढे ओढायचा, आणि मग पत्रा लावून घ्यायचा, म्हणजे ऊब धुराड्यातून निघून न जाता विटांत राहते. तिसऱ्या दिवशी मी पत्रा लावला. निखारे लाल होते, धूर नव्हता, बाहेर उणे बारा होतं आणि ऊब वाया जातेय असं वाटलं. आई सेनीतून आत आली, तिने तोंडाशी वाकून पाहिलं, आणि दोन ढांगांत पत्रा खस्सकन उघडून दोन्ही दारं सताड उघडली. आधी रशियनमध्ये काहीतरी ओरडली जे मला समजलं नाही. मग मराठीत, "मरायचंय का तुला!"

नाशिकच्या तीस वर्षांत मी तिचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता. थंड हवेत दोघी कोट घालून उभ्या राहिलो. मग तिने मला हाताला धरून खाली वाकवलं आणि बोट दाखवलं. निखाऱ्यांवरून इवल्या निळ्या ज्योती सरपटत होत्या. दिसतील न दिसतील अशा, गॅसच्या बारीक आचेसारख्या. त्या आहेत तोवर निखारा विषारी वायू सोडतोय. पत्रा लावला तर तो घरात भरतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेत जातो. तिकडे या वायूला वेगळं नाव आहे, उगार. गावात प्रत्येक घराला त्याने गेलेलं कोणीतरी आठवतं. "तुझी बाबा दिवा मालवून बघायची," आई म्हणाली, "उजेडात निळं दिसत नाही. अंधार करायचा, बघायचं, आणि मग अजून एकदा बघायचं." त्यानंतर पत्र्याला मी हात लावला नाही.

२९ तारखेला, वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आई मला नोंदणीला घेऊन गेली. परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला की यजमानाने सात कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं. नव्या वर्षाच्या सुट्ट्या ८ जानेवारीपर्यंत आणि त्या मोजायच्या नाहीत, म्हणजे हिशेबाने माझी मुदत भरण्याआधीच मी परत निघणार होते. पण आई ऐकेना. "कागद असलेला बरा." रांगेत आमच्यापुढे पाच-सहा जण होते. अर्जावर यजमान म्हणून तिचं नाव, परदेशी नागरिक म्हणून माझं. मला एकदम नाशिकचं ते पोलिसांचं कार्यालय आठवलं, जिथे परदेशी नागरिक म्हणून ती नोंदणीच्या रांगेत उभी असायची आणि मी तिच्या पदराला धरून. बहुधा तिलाही तेच आठवलं असावं. खिडकीपलीकडच्या मुलीने माझ्या नावातला मधला भाग, पप्पांचं नाव, दोनदा विचारून घेतला. मराठी माणसाला यात नवल नाही. रशियन नावातही मध्ये बापाचं नाव असतं, मुलीसाठी 'ओव्हना' लावून. शेजारची म्हातारी मावशी मला अजूनही पप्पांच्या नावाला ओव्हना जोडूनच हाक मारते. मरून आठ वर्षं झालेल्या माझ्या नाशिककर बापाचं नाव त्या खेड्यात रोज दोन-चार वेळा घेतलं जात होतं.

आणि आईला तिथे तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतात, लाडाच्या, तोडक्या रूपात. नाशिकला तिला वहिनी, काकू, मॅडम म्हणायचे. ते छोटं नाव पप्पांव्यतिरिक्त कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. त्या नावाची बाई वेगळी आहे. ती मोठ्याने हसते, दुकानदाराशी भांडते, कंबरेवर हात ठेवून उभी राहते. नाशिकची आई खाली बघून बोलायची. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा. माहेरी गेल्यावर बाईचा आवाज मोकळा होतो हे मी कॉलनीतल्या प्रत्येक काकूबद्दल ऐकलं होतं, आईबद्दल कधी मनातही आलं नव्हतं.

रशियात खरा सण ३१ डिसेंबरचा. क्रांतीनंतर नाताळ मोडीत निघाला, नाताळच्या झाडावरही बंदी आली. १९३५च्या डिसेंबरात झाड परत आलं ते नव्या वर्षाचं झाड म्हणून, टोकावर लाल तारा घेऊन. आजीचा जन्म त्याच वर्षीचा. नाताळची सरकारी सुट्टी १९९१ला परत मिळाली, पण तोवर दोन-तीन पिढ्यांची जेवणं, भेटी, आठवणी सगळ्या ३१च्या रात्रीला चिकटल्या होत्या. आईने माळ्यावरून खोका काढला. कापसात गुंडाळलेले काचेचे दागिने: चिमट्याने फांदीला लावायचे पक्षी, एक अंतराळवीर, आणि मक्याचं एक कणीस. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात मक्याचं पीक घेण्याची देशभर मोहीम होती, तेव्हाचं. एका बाजूने पारा उडालाय. लहानपणी आईचं ते आवडतं होतं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं.

स्वयंपाक ३० तारखेपासून. सगळ्यात आधी खोलोदेत्स. डुकराचे पाय आणि नडगी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी खरवडून साफ करायची, मोठ्या पातेल्यात गार पाण्यात चढवायची, पहिला फेस काढून टाकायचा आणि मग सहा-सात तास अगदी मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटता कामा नये, फुटली तर रस्सा गढूळ होतो. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. शेवटी लसूण. मांस सोडवून वाडग्यांत पसरायचं, वरून रस्सा ओतायचा आणि थंडीत ठेवायचं. हाडांतल्या चिकाने तो वडीसारखा थिजतो. फार थंडी असेल तर सेनीत ठेवायचं नाही, कारण गोठला तर वितळताना पाणी सुटतं. म्हणून जमिनीखालच्या तळघरात. ओझरला आई हाच पदार्थ बोकडाच्या पायांचा करायची. खाटीक तिच्यासाठी आठ पाय बाजूला ठेवायचा. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीवर भरवसा नसल्याने तो फ्रिजमध्ये जायचा आणि मी मैत्रिणींना तो कधी दाखवला नाही.

सहा तास आई त्या पातेल्याशेजारी होती. शेवटी तिने चमचा माझ्याकडे केला, "मीठ बघ." मी पाहिलं, ठीक आहे म्हणाले. "लसूण?" तोही ठीक होता. मी तेव्हा काही विचारलं नाही.

मग ओलिव्हिए सॅलड. १८६०च्या दशकात मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात ल्युसियां ओलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने हे काढलं तेव्हा त्यात रानपाखरांचं मांस होतं म्हणतात. आता घरोघरी होतं ते उकडलेला बटाटा, गाजर, अंडी, डब्यातले वाटाणे, खारवलेली काकडी आणि दोक्तोर्स्काया नावाचं मऊ सॉसेज, सगळं वाटाण्याएवढं चिरून मेयोनेझमध्ये. सोव्हिएत काळी वाटाण्याचा डबा मिळणं सोपं नव्हतं; मिळाला की तो महिनोन् महिने फळीवर थांबायचा, ३१ डिसेंबरची वाट बघत. ओझरला यातलं निम्मं नसायचं. शेपू मिळायचा, पण निबर. काकडी आई मोहरीच्या पाण्यात आंबवायची, सॉसेजच्या जागी उकडलेली कोंबडी, मेयोनेझ घरी घोटलेलं. मी अस्सल ओलिव्हिएचा पहिला चमचा खाल्ला आणि काहीतरी चुकलंय असं वाटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून दुसरा वाडगा काढला. त्यात कोंबडी होती, काकडी मोहरीतली होती. "ते पाहुण्यांचं," ती म्हणाली. "हे आपलं. मलापण आता ते लागत नाही."

संध्याकाळी शेजारची मावशी आणि आईचा मामेभाऊ बायकोसह आले. रशियाचे अकरा कालविभाग असल्याने दुपारी तीनलाच टीव्हीवर कामचात्कात नवं वर्ष लागलं होतं. रात्री साडेनऊला माझा फोन वाजला: नाशिकला बारा वाजले होते. नवरा, मुलगी, सासूबाई स्क्रीनवर. मुलीने "मामा, बाबुश्काला दाखव" म्हटलं तेव्हा मावशी टाळ्या वाजवून हसली. माझी मुलगी मला मामा म्हणते. तिच्या शाळेतही आता पोरं गॅलरीकडे बघत असतील.

टेबलावर संत्र्याची मोठी परात होती. त्या छोट्या, सैल सालीच्या संत्र्यांचा वास म्हणजे नवं वर्ष, असं तिथे लहान-थोर सगळे सांगतात. भिंतीकडच्या खुर्चीवर, जिथे आजी बसायची, आई बसली. कोणी काही बोललं नाही. युद्धाचा विषय निघाला नाही. मावशीचा नातू कुठे आहे हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एकदा फक्त ती फोन घेऊन सेनीत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली, तिच्या पापण्या ओल्या होत्या.

बाराला पाच कमी असताना राष्ट्राध्यक्षांचं भाषण, मग क्रेमलिनच्या घड्याळाचे बारा ठोके. तेवढ्या वेळात चिठ्ठीवर इच्छा लिहायची, जाळायची, राख शॅम्पेनमध्ये टाकून प्यायची. मी माझी मराठीत लिहिली, छोटी असल्याने लवकर जळली.

ग्लास खाली ठेवताना माझं लक्ष आईच्या ताटलीकडे गेलं. उकडलेले बटाटे, खारवलेल्या अळंब्या, आंबवलेला कोबी. एवढंच. खोलोदेत्स नाही, ओलिव्हिए नाही, पाहुण्यांचं नाही आणि आपलंही नाही. चर्चचा उपास २८ नोव्हेंबरला सुरू होतो आणि नाताळपर्यंत चालतो. नवं वर्ष त्या उपासातच येतं. आजी तो पाळायची. सगळ्यांसाठी रांधायची आणि स्वतः अळंब्या खात बसायची. माझी आई सोव्हिएत शाळेत वाढलेली, देवाधर्माचं तिला कधी काही नव्हतं. नाशिकला गणपतीला ती हात जोडायची ते पप्पांच्या आईसाठी. तिने सहा तास मंद आचेवर ठेवलेल्या त्या पातेल्यातलं मीठ मला का बघायला लावलं हे मला आत्ता कळलं. टेबलाखालून मी तिचा हात धरला. तिने माझ्या ताटलीत खोलोदेत्सचा आणखी एक तुकडा वाढला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पारा उतरत गेला. चार तारखेला खिडकीबाहेरच्या तापमापकात उणे एकतीस होतं. पेच दोनदा पेटवावी लागत होती, सकाळी आणि संध्याकाळी. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. बर्फावर पाऊल टाकलं की जो आवाज येतो तो मला बटाट्याच्या स्टार्चची पिशवी दाबल्यासारखा वाटला. धुराड्यांचा धूर प्रत्येक घरावर काठीसारखा सरळ उभा.

पाच तारखेला जरा कमी झालं तेव्हा आम्ही स्मशानात गेलो. रस्त्यापासून पुढे वाट नव्हती, मांडीपर्यंत बर्फ. आई फावडं घेऊन पुढे, मी मागे. मृतासाठी फुलं सम संख्येत न्यायची, जिवंत माणसाला विषम. आम्ही चार कार्नेशन नेली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या आत, नाहीतर वाटेतच काळी पडतात. तिथे प्रत्येक कबरीभोवती लोखंडी कठडा असतो आणि आत बसायला छोटा बाक. आधी बाक खणून काढला, मग क्रूस. आई खणत होती आणि आजीशी बोलत होती, वोलोग्दाच्या खास बोलीत, जिथे प्रत्येक 'ओ' पूर्ण उच्चारतात. मॉस्कोवाले दुधाला 'मलाको' म्हणतात, आजी स्वच्छ 'मोलोको' म्हणायची. माझ्या मराठी कानाला ते नेहमी सोपं वाटायचं, लिहिलंय तसं बोलणं. आईचा तो 'ओ' नाशिकला पुसट झाला होता. तिथे बर्फात तो पूर्ण परत आला होता. तिने काय सांगितलं त्यातलं मला निम्मं समजलं: छत गळत नाही, सरपण पुरेल, मुलगी आली आहे.

मी वाकून पाया पडले. या वेळी कोटाचं काही अडलं नाही.

सहा तारखेला नाताळची आदली संध्याकाळ. पहिला तारा दिसेपर्यंत जेवायचं नाही. गहू शिजवून त्यात मध, वाटलेली खसखस आणि अक्रोड घालतात, कुत्या म्हणतात त्याला. गव्हाच्या खिरीची दूरची बहीण. मयताच्या जेवणातही हाच पदार्थ असतो. त्या थंडीत आभाळ इतकं निरभ्र होतं की चार वाजताच तारा दिसला. दुसऱ्या दिवशी आईने नाताळसाठी नव्याने केलेला खोलोदेत्स कापला, मोहरीची चटणी लावून एक घास तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळीपण कमी होतं?"

मागच्या वेळीही कमी होतं. मी हो म्हणाले.

दहा तारखेच्या रात्री माझी बॅग भरून झाली. तिने दिलेलं सामान मी आणलेल्यापेक्षा जास्त झालं होतं: दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंब्या, ब्रुस्निकाच्या लाल आंबट फळांचा मुरंबा, मुलीसाठी लोकरीचे मोजे, सासूबाईंसाठी वोलोग्दाच्या लेसचा रुमाल. मक्याचं कणीस तिने दोनदा कापसात गुंडाळलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं, पुढच्या वर्षी तू लाव म्हणून. सोळा दिवस मी आजीच्या वालेंकी घातल्या होत्या. त्या बॅगेत ठेवायला गेले तर आई म्हणाली, "नाशिकला काय करशील? तुझ्याच आहेत. इथे राहू देत."

संध्याकाळची लाकडं जळून निखारे झाले होते. आई भांडी विसळत होती. मी दिवा मालवला आणि खाली वाकले. दोन-तीन ठिकाणी निळं होतं. थांबले. आकड्याने निखारे पसरले, पुन्हा थांबले. बराच वेळ नुसतं लाल होतं, मग कडेला एक निळी जीभ दिसली आणि गेली. आणखी थोडा वेळ तशीच बसले. मग पुन्हा एकदा पाहिलं. वालेंकी पेचवर ठेवल्या, टाचा भिंतीकडे करून, आणि पत्रा लावला.

आई अंधारातच हात पुसत आली, माझ्या शेजारून गेली आणि न वाकता पलंगावर जाऊन पडली.